वारलूच्या खुणेचा पाट

सगळ्यात आधी माफी मागतो. हा कागद लिहायला मला फार उशीर झाला. दर वर्षी पोळा झाला की लिहीन असे म्हणायचो, मग धान निघाले की लिहीन, मग माझी बायको सुगंधाबाई हिच्या पायाचे झाले की लिहीन. ती तीन वर्षांपूर्वी वारली. आता माझ्या पोटात पाणी धरले आहे. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी मला बाहेर बसवून धनराजशी बोलणे केले, त्यावरून काय ते समजलो. म्हणून आता लिहितो.

मी मुखरू डोमा नान्हे, वय अंदाजे बहात्तर (शाळेच्या दाखल्यात एक आहे, आधार कार्डात दुसरे, कोणते धरायचे ते मिथुनला विचारावे), जात ढिवर, शिक्षण पाचवी, धंदा आधी डोंगे (ओंडक्याच्या होड्या) कोरणे व मासेमारी, नंतर वीज केंद्रात मदतनीस, राहणार मौजा पिपरबोडी, तालुका व जिल्हा चंद्रपूर, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, मी दारू घेतलेली नाही, कोणी माझा हात धरून लिहवून घेत नाही. सेतू केंद्रात बसणारा मिथुन म्हणाला की मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही. तरी मी पाचशेचा स्टॅम्प आणला आहे. उद्या कोणी म्हणू नये की साधा कागद आहे, फाडून टाका.

हा कागद मी मेल्यावर माझी मुलगी पुनम हिने वाचावा, धनराजने नाही. धनराज माझा मुलगा आहे, वाईट नाही, पण तो अर्धे वाचून उठतो. पुनम वरोऱ्याहून येईपर्यंत थांबावे. सगळी वाटणी तिच्या हाताने व्हावी.

कलम एक. हत्यारे. डोंगा कोरायचे वासले दोन, रंधे तीन, पटाश्या, गिरमिट, लाकूड घासायची काच, आणि राळ लावायचे ब्रश, जे आता दगडासारखे झाले आहेत. मोठा वासला माझ्या वडिलांचा, तो पुनमला. तिला उपयोग नाही हे मला माहीत आहे. पण लहानपणी तिने एकदा तो मागितला होता आणि मी "पोरीच्या हातात वासला नाई देत" म्हणालो होतो. बाकीची हत्यारे धनराजची. विकायची असली तर विकावी, पण भंगारवाल्याला वजनावर देऊ नये.

कलम दोन. यातले एक लोखंड धनराजचे नाही. मासोळीच्या काट्याचा आकार आहे, मधे एक उभी रेघ आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन तिरप्या. हे तापवून लाकडावर खूण उठवायचे. ते वारलूचे आहे. त्याचे सविस्तर कलम पाचमध्ये लिहिले आहे. तोपर्यंत कोणी त्याला हात लावू नये.

कलम तीन. पाट कोणी केले त्यांची नावे. हे मृत्युपत्रात लिहायचे नसते असे मिथुन म्हणतो. पण मी गेलो की हे सांगणारे कोणी उरणार नाही, आणि माझ्याजवळ घर आणि शेताशिवाय ठेवून जाण्यासारखे एवढेच आहे.

वीज केंद्राच्या तलावावर पूर्वी साहेब लोकांचा क्लब होता. एकोणीसशे त्र्याऐंशी साली एका साहेबाने बाहेरच्या देशातून एक फळी आणली. आठ हात लांब, तिच्यावर एक माणूस उभा राहतो, मधे काठी, काठीला शीड, आणि माणूस ते शीड दोन हातांनी धरून वाऱ्यावर पळतो. साहेब त्याला विंडसर्फिंग म्हणत. आम्ही त्याला पाट म्हणायचो. एका उन्हाळ्यात ती फळी खडकावर फुटली, तेव्हा साहेब डोंगेवाल्यांचा पत्ता विचारत आमच्या पिपरबोडीला आले. माझा भाटवा वारलू, म्हणजे माझी लहान बहीण गिरजा हिचा नवरा, तेव्हा आमच्याच घरी राहायचा. त्याने फुटलेली फळी उलटी-सुलटी केली, वास घेतला आणि म्हणाला, "साहेब, हे तं डोंग्याचं झाकन हाये. करून देतो."

साहेब हसले. पण वारलूने करून दिली.

पाट वारलूने केले, हाताखाली मी. बांबूची काठी आणि शीड धरायची वाकवलेली कमान जंगूने केली. जंगू गोंड, चुलीच्या धगीवर बांबू असा वाकवायचा की तो कधी पुन्हा सरळ झाला नाही. तो वारला. शीड गावातल्याच वच्छलाने शिवले, पायाच्या मशीनवर, नागपूरहून आणलेल्या कापडाचे. आठ वर्षांत आम्ही चौदा पाट केले. नागपूरचे लोकही न्यायला यायचे.

वारलूची पद्धत अशी होती. ज्याला पाट हवा त्याला तो आपल्या डोंग्यात उभे करायचा. डोंगा किती दबला तिथे बाहेरून कोळशाने रेघ मारायचा, मग त्याला एका पायावर उभे करायचा, पुन्हा रेघ. त्या दोन रेघांवरून त्या माणसाचा पाट. एका जाड्या साहेबाला तो तोंडावर म्हणाला, "साहेब, तुमाले पाट नाई, पूल लागते." सगळे हसले, साहेब सगळ्यात जास्त. माझ्या बोलण्यावर असे कोणी कधी हसले नाही. हे मी आकसाने लिहीत नाही. तेव्हा आकस होता, म्हणून लिहितो.

आज यातले काही राहिले नाही. क्लब बंद झाला, तलावात बेशरमाची झुडपे वाढली. माझी नात दिव्यानी हिला सांगितले तर म्हणते, "आबा, आपल्या इथी समुद्र तं नाई, मंग थे लोकं कुठी खेळत?" पाच नंबरचा पाट मच्छीमार सोसायटीच्या मनसारामने लग्नाच्या पंगतीत वाढप्यांना भांडी ठेवायला नेला, बावीस वर्षे झाली. तो परत मागू नये. त्याच्या घरी लग्न असले की त्याने मला एकदाही बोलावले नाही, पाट मात्र वाढायला उभा. तो त्याच्यापाशीच राहू द्यावा.

कलम चार. नऊ नंबरचा पाट माझ्या घरी माळ्यावर आहे, पोत्यात गुंडाळलेला. हा पूर्ण वारलूच्या हातचा, सावरीच्या लाकडाचा. आजही ठोकला तर ढोलासारखा वाजतो. हा वारलूला द्यावा. तो नसेल तर गिरजाला. ती नसेल तर त्यांची मुलगी डिंपल हिला. तिला मी पाहिलेले नाही, नाव लोकांकडून ऐकले. धनराज, याचा दिवाण करू नको. बारा नंबरच्या पाटाचा तू केला होतास, मी तेव्हा काही बोललो नाही.

कलम पाच. हे लिहायलाच हा कागद घेतला. आतापर्यंतची कलमे मी दोन दिवसांत लिहिली. याला अकरा दिवस लागले. चार वेळा लिहून चुलीत घातले. आता स्टॅम्प दुसरा आणावा लागेल या भीतीने घालत नाही.

आम्हा डोंगेवाल्यांची रीत अशी की लाकूड तोडले की बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, गाळात बुडवून ठेवायचे. ओले लाकूड वासल्याला मऊ जाते आणि उन्हाने तडकत नाही. माझे वडील म्हणायचे, डोंग्याला पाणी प्यायची सवय लहानपणी लावावी लागते. त्यांनी चाळीसच्या वर डोंगे कोरले, एकही तडकला नाही. पण पाटाचे उलटे होते. पाटाला वरून कापड आणि राळ लावून चहूबाजूंनी बंद करतात. आत ओल राहिली तर ती बाहेर कुठून जाणार? म्हणून वारलू सावरीची फळी गोठ्यात उभी करून पूर्ण एक उन्हाळा सुकवायचा, आणि मग गालाला लावून पाहायचा. गार लागली की अजून ओली. मी म्हणायचो, "भाटवा, माह्या बापाची रीत तुमाले चालत नाई का?" माझ्या वडिलांना तो मामा म्हणायचा. तो म्हणायचा, "मामाची रीत डोंग्याले. हा डोंगा नाई ना बे मुखऱ्या."

अठ्ठ्याऐंशी सालच्या मार्चमध्ये वारलूची आई कुरखेड्याकडे वारली. तो आणि गिरजा तेरवी करायला गेले आणि तिकडच्या शेतीच्या वाटणीत दीड महिना अडकले. इकडे क्लबाची एक मेची शर्यत ठरली होती. प्रफुल साहेब म्हणून तरुण इंजिनियर होते, त्यांना नवा पाट हवा होता, आणि तो वारलूच्याच हातचा हवा होता. मी म्हणालो, मी करतो. ते चांगल्या शब्दांतच म्हणाले, "नाही मुखरू, वारलूभाऊ येईपर्यंत थांबतो." मला ते लागले. मी म्हणालो, "साहेब, भाटव्यानं जाच्या आंदीच करून ठेवला हाये. फकत राळ लावाची रायली."

हे खोटे होते. मी बोडीच्या गाळातून सावरीचा ओंडका काढला, बाहेर येऊन दहा दिवसही झाले नव्हते, आणि पाट केला. सुंदर झाला होता. वारलूच्यापेक्षा सरळ झाला होता, हे आजही म्हणतो. मला वाटत होते की माझ्या बापाचे लाकूड कधी दगा देत नाही, देणारच नाही. गालाला लावून पाहिला नाही. शेवटी वारलूचे लोखंड तापवून त्याच्यावर त्याची खूण उठवली.

एक मेला दुपारी गरम वारा सुटला. आतली ओल उन्हाने तापून फुगली, कापड लाकडापासून सापाच्या कातीसारखे सुटले, आणि तलावाच्या मध्यावर काठीचे बूड मुळासकट उपटून आले. काठी पडली. कमानीचे टोक प्रफुल साहेबांच्या डाव्या डोळ्यात गेले. डोंगा घालून त्यांना मीच काठावर आणले. ते वाचले, डोळा गेला. तेव्हा त्यांचे वय सत्तावीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारलू आणि गिरजा एसटीने परत आले, त्यांना काहीच माहीत नव्हते. क्लबाच्या शेडमध्ये सगळे जमले होते, पाट मधे ठेवला होता. एका मोठ्या साहेबाने विचारले, ही खूण कोणाची? वारलूने वाकून फाटलेल्या जागी बोट घातले, आतले काळे पडलेले लाकूड नखाने उकरले, नाकाशी नेले. मग खुणेवरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे पाहिले. मी आपल्या पायांकडे पाहत होतो.

तो म्हणाला, "खून माही हाये साहेब. मंग पाट बी माहाच."

त्याच महिन्यात माझी मदतनिसाची नोकरी पक्की व्हायची होती. धनराज चार महिन्यांचा होता. शेडमधून परत येताना वारलू एवढेच बोलला, "तुई नवकरी होऊन जाऊ दे. लेकरू झोलीत हाये. माह्यं का, मी मासोळ्या मारीन." त्याने बोलू नको म्हटले नव्हते. मीच बोललो नाही.

त्यानंतर वारलूला कोणी पाट सांगितला नाही. गावात पोरे-सोरे त्याला डोळाफोड्या म्हणू लागली. सोसायटीत त्याला जाळे टाकायला जोडीदार मिळेना. गिरजा मात्र हुशार होती. ती एक दिवस दारात उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, हे तं कुरखेड्याले होते. मंग थो पाट यायनं केला कवा?"

मी म्हणालो, "मले काय मालूम."

ती म्हणाली, "तुले मालूम नाई?"

मी म्हणालो, "जाच्या आंदी केला असन."

ती आत जाऊन भांडी बांधू लागली. आठ दिवसांनी दोघे कुरखेड्याला निघून गेले. जाताना ती सुगंधाबाईच्या गळ्यात पडून रडली, माझ्या पाया पडली नाही. वारलू आपले लोखंड विसरून गेला, की मुद्दाम ठेवून गेला, हे मला आजवर कळले नाही. नंतर माझ्या हाताने जे दोन पाट झाले त्यांच्यावर मी कोणतीच खूण उठवली नाही.

म्हणून लिहून देतो: प्रफुल साहेबांच्या डोळ्याचा दोष माझा आहे. वारलूचा नाही. खूण चोरून उठवली ती मी. खोटे बोललो ते मी. या कलमाची एक प्रत प्रफुल साहेब जिथे असतील तिथे पोचवावी. त्यांना देण्यासारखे माझ्याजवळ दुसरे काही नाही. आणि पिपरबोडीच्या ग्रामसभेत हे कलम मोठ्याने वाचावे. ज्यांनी डोळाफोड्या म्हटले त्यातले बरेच मेले, पण काही समोर बसतील.

कलम सहा. घर. दोन खोल्या, ओसरी, मागची सांदवाडी. हे घर वडिलांचे. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर एकट्या माझे नाव आहे, कारण वडील वारल्यावर मी अर्जात लिहिले की बहिणीचा ठावठिकाणा माहीत नाही. तेही खोटे होते. तेव्हा मला गावाचे नाव माहीत होते. घराचा अर्धा भाग, विहिरीकडचा, गिरजाचा. अर्धा धनराजचा. पुनमला शेताचे सव्वा एकर द्यावे, त्यावर धनराजने सही करायची आहे असे नाही, मी केली आहे.

धनराजने हे आधीच ऐकले आहे आणि त्याचे मन दुखले आहे. तो ऊर्जानगरात कंपनीची बस चालवतो, दमून येतो, त्याची बाजूही मी लिहितो. तो म्हणाला, "बाबा, आत्याले कायले? थे तं कवा राखीले नाई आली. मी छत टाकलं, मी फरशी केली. आन् अर्धं घर तिचं?" मी म्हणालो, "तू ज्या नवकरीच्या पगारावर वाढला, थे तिच्या नवऱ्यानं देल्ली." तो म्हणाला, "मले थे कोनी आतालोक सांगतलं काऊन नाई?" चार दिवस झाले, तो जेवताना माझ्याशी बोलत नाही. दिव्यानी ताट आणून देते.

कलम सात. माझी तेरवी मोठी करू नये. फोटोला हार घालू नये. पिंडाला कावळा शिवला नाही तर कोणी माझ्या नावाने काही कबूल करू नये. नाही शिवला तर नाही शिवला.

कलम आठ. एक गोष्ट राहिली, ती लिहिली नाही तर वरचे सगळे अर्धे राहील. नऊ वर्षांपूर्वी मी कुरखेड्याला गेलो होतो. घरी सांगितले की नात्यात लग्न आहे. विचारत विचारत नदीकडच्या वस्तीत घर सापडले. गिरजा अंगणात मोहफुले वाळत घालत होती. केस सगळे पांढरे. मी कुंपणाशी उभा राहिलो. तिने कपाळावर हात धरून पाहिले आणि विचारले, "कोन पायजे?" तिने मला ओळखले नाही. आत कोणीतरी खोकत होते, तो वारलूच असावा. मी म्हणालो, "कोनी नाई. रस्ता चुकलो." ती म्हणाली, "मंग पानी तं पेऊन जा." मी प्यालो. तिने दिलेला तांब्या परत केला आणि दुपारच्या गाडीने परत आलो.

यंदा डॉक्टरांनी सांगितल्यावर धनराजला न कळवता पुनमच्या नवऱ्याला तिकडे पाठवले. घराला कुलूप होते, छपराची कवेलू उतरलेली. शेजारी म्हणाले, म्हातारा फार आजारी होता, मुलीने दोघांना नेले, सिरोंचाकडे की पलीकडे तेलंगणात, नक्की माहीत नाही. दोन पत्रे पाठवली. एक परत आले, दुसऱ्याचे काहीच कळले नाही.

हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने लिहिले, दोघा साक्षीदारांना वाचून दाखवले आणि त्यांच्यासमोर सही केली. साक्षीदार होणाऱ्याला वाटणी मिळत नाही, म्हणून वच्छलाला काही ठेवता आले नाही. कलम पाच ऐकून ती म्हणाली, "सदतीस वर्सं मी त्या शिडाच्या शिवनीले दोष देत होतो, मुखऱ्या. मले वाटे माहाच टाका उसवला." मग तिने सही केली. सही करताना माझ्याकडे पाहिले नाही.

सही: मुखरू डोमा नान्हे

साक्षीदार:
१. वच्छला, शिवणकाम, राहणार पिपरबोडी (सही)
२. मिथुन, सेतू केंद्र (सही)

ठिकाण: पिपरबोडी
दिनांक: चौदा नोव्हेंबर दोन हजार पंचवीस

सहीनंतर लिहिलेले चालते की नाही माहीत नाही, मिथुन गेला. तरी लिहितो. बाकीची कलमे मी मेल्यावर पाहावी, पण पाचवे आणि सहावे कलम थांबू शकत नाही. त्यांच्या प्रती कुरखेडा आणि सिरोंच्याच्या पोस्टात, बाजारात, मासोळीवाल्यांकडे पाठवत आहे. ज्याच्या हाती ही प्रत पडेल त्याने वारलू आणि गिरजाला वाचून दाखवावी, दोघांनाही कमी ऐकू येत असेल, मोठ्याने वाचावी. मागे दिव्यानीचा फोन नंबर लिहिला आहे. वारलू जिवंत आहे की नाही, एवढे तरी सांगा. त्यांनी घर नको म्हटले तर नको म्हटले असे सांगा. शिवी दिली तर शिवीच सांगा, गोड करून सांगू नका. फक्त लवकर कळवा. माझ्याजवळ फार दिवस नाहीत, त्याच्याजवळही नसतील.